गुळाच्या गावात राहून प्रमेह टाळण्याची रीत

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची, म्हणजे ज्यात आजचा मधुमेह मोडतो त्या विकाराची, कारणे एका श्लोकात सांगितली आहेत. 'आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि' असा तो श्लोक सुरू होतो. बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, गावात पाळलेल्या आणि पाण्यात किंवा दलदलीत राहणाऱ्या प्राण्यांचे मांस, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही नावे घेऊन, कफ वाढवणारे जे जे आहे ते सारे प्रमेहाचे कारण होय, असे सांगून तो संपतो. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाने ही यादी सावकाश वाचावी. समोर धार काढून दूध देणारे दूधकट्टे, शहरातली गुळाची बाजारपेठ, आजऱ्याचा नवा घनसाळ तांदूळ, रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा आणि त्यानंतर पंखा लावून घेतलेली दुपारची झोप, यांतले काहीच आपल्याला दुरून आणावे लागत नाही.

मी याच शहरात आयुर्वेदाची चिकित्सा करतो आणि या खाद्यसंस्कृतीवर माझे मनापासून प्रेम आहे. ती सोडून द्या असे सांगणारा हा लेख नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि स्थौल्य (लठ्ठपणा) हे विकार टाळण्यासाठी, किंवा ते झाले असतील तर आटोक्यात ठेवण्यासाठी, आयुर्वेदाचा उपयोग कोणत्या क्रमाने करावा, कुठे थांबावे आणि कोणती गोष्ट स्वतःच्या मनाने कधीही करू नये, हे येथे सांगायचे आहे. क्रमाला मी महत्त्व देतो, कारण येणारा बहुतेक प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात काढा किंवा चूर्ण मागतो. सुश्रुतांनी मात्र 'संक्षेपतः क्रियायोगो निदानपरिवर्जनम्' असे म्हणून ठेवले आहे. चिकित्सेचे सार एवढेच की, ज्या कारणाने रोग झाला ते कारण आधी दूर करावे. औषधाचा क्रमांक त्यानंतरचा.

आधी मोजमाप करावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि 31 कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. यांपैकी अनेकांना आपण या गणतीत आहोत याचा पत्ता नसतो, कारण हे दोन्ही विकार वर्षानुवर्षे काहीही न दुखवता वाढतात. म्हणून नाडीपरीक्षा जरूर करून घ्यावी, परंतु तिच्याबरोबर रक्ताची तपासणीही करावी. तिशी ओलांडलेल्या आणि आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असलेल्या व्यक्तीने तर ती टाळूच नये.

उपाशीपोटी रक्तातील साखर 100 पेक्षा कमी असावी. 100 ते 125 हा उंबरठा आहे आणि 126 किंवा अधिक आकडा दुसऱ्या तपासणीतही आला तर तो मधुमेह समजावा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी 5.7 च्या आत असावी, तर 6.5 पासून पुढे मधुमेह मानतात. कमरेचा घेर शिंप्याच्या टेपने, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावा. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू घेऊ नये, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर ठेवावेत, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी हा आकडा 140/90 किंवा त्याहून अधिक येत असेल तर उपचार हवेत.

आकड्यांबरोबर एक साधी वही करावी. सात दिवस काहीही न बदलता, उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ, त्याची वेळ, दिवसभरात चाललेला वेळ आणि झोपेचे तास लिहावेत. चहा लिहायला लोक हमखास विसरतात. प्रत्येकी दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दिवसाला जवळजवळ 35 ते 40 ग्रॅम साखर झाली, आणि ती 'मी गोड खातच नाही' असे मनापासून सांगणाऱ्या माणसाच्या पोटात गेलेली असते.

येथेच एक मर्यादा स्पष्ट करतो. लहान वयात इन्सुलिनच बनत नसल्यामुळे होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह, गरोदरपणातील मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदय दुबळे झालेले रुग्ण आणि 180/120 च्या पुढे गेलेला रक्तदाब यांसाठी घरच्या घरी प्रयोग करण्याची ही जागा नव्हे. सुश्रुतांनीही सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यातून उद्भवलेला असे प्रमेहाचे दोन भेद केले आहेत. खाली सांगितलेले बहुतेक सर्व दुसऱ्या भेदाला लागू पडते.

श्लोकातील यादी घरात शोधावी

गुळापासून सुरुवात करतो, कारण कोल्हापुरात सर्वांत मोठा गैरसमज त्याच्याविषयी आहे. साखर वाईट आणि गूळ नैसर्गिक, म्हणून मधुमेहात साखरेऐवजी गुळाचा चहा चालतो, अशी समजूत सुशिक्षित घरांतही पक्की बसलेली आहे. रासायनिक दृष्टीने गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. थोडे लोह आणि काही खनिजे त्यात राहतात, पण रक्तातील साखर तो जवळपास साखरेसारखीच वाढवतो. शास्त्राचे मतही वेगळे नाही. प्रमेहाच्या कारणांत चरकांनी 'गुडवैकृतं' हा शब्द घातला आहे. वाग्भट या आणखी एका प्राचीन आचार्यांनी जुना गूळ हृद्य आणि पथ्यकर सांगितला असला तरी नवा गूळ कफ वाढवणारा आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद करणारा, असे त्याच ठिकाणी म्हटले आहे. गुऱ्हाळावरची गरम काकवी आणि ताजा गूळ ही या नव्या गुळाचीच रूपे आहेत. ज्याला मधुमेह नाही आणि जो शेतात राबतो, त्याने ती आनंदाने खावी. ज्याची साखर उंबरठ्यावर आहे त्याने गूळ, काकवी आणि साखर ही तिन्ही एकाच खात्यात लिहावीत आणि ते खाते सणासुदीपुरतेच उघडावे.

मधाचेही तसेच आहे. वजन उतरावे म्हणून सकाळी गरम पाण्यात मध आणि लिंबू घेणारे असंख्य लोक आयुर्वेदाचे नाव घेतात. चरकांनी मध स्थौल्यात सांगितला आहे हे खरे. परंतु मध तापवू नये आणि उष्ण पदार्थांबरोबर घेऊ नये, हेही त्यांनीच निक्षून सांगितले आहे. मधुमेही व्यक्तीने तर कोमट पाणीच प्यावे आणि मध बाजूला ठेवावा.

दुधाच्या बाबतीत कोल्हापूरचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे तालमी फुलल्या, खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पैलवानांच्या खुराकाचे दूध, तूप, बदाम हे सबंध शहराच्या खाण्याचे मानदंड झाले. म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा जड असून निद्रानाश झालेल्याला आणि ज्याचा अग्नी अतिशय प्रखर आहे त्याला हितकर, असे चरकांनी लिहिले आहे. हजार जोर-बैठका मारणाऱ्याचा अग्नी प्रखर असतो. त्याला म्हशीचे दूध लागते आणि ते पचतेही. अडचण पुढे येते. कुस्ती सुटते, माणूस दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कार्यालयातील खुर्चीवर बसतो, पण ताटातील खुराक तालमीतलाच राहतो. चाळिशीत पोट सुटलेले आणि साखर वाढलेले जुने पैलवान मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या शरीराने काही दगा दिला असे मला वाटत नाही. ज्या श्रमासाठी तो खुराक नेमला होता ते श्रम तेवढे निघून गेले होते. बैठे काम करणाऱ्याने रात्री कट्ट्यावर दुधाचा मोठा पेला पिण्याची सवय सोडावी. दूध हवेच असेल तर गाईचे किंवा साय काढलेले, बिनसाखरेचे, एक कप, आणि जेवणावर न पिता स्वतंत्र वेळी घ्यावे.

दह्याविषयी नियम थोडक्यात असे: रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, रोज खाऊ नये. त्याऐवजी लोणी काढलेले पातळ, ताजे ताक दुपारच्या जेवणात घ्यावे. ताक हलके, तुरट आणि कफवात कमी करणारे आहे. मात्र रक्तदाब असलेल्याने त्यात मीठ घालू नये, जिरेपूड घालावी. नव्या धान्याबाबत परंपरा सांगते की, वर्षभर जुने धान्य पचायला हलके होते. म्हणून तांदूळ जुना वापरावा आणि त्याचे प्रमाण मात्र नवा असो वा जुना, कमीच ठेवावे.

दुपारची झोप ग्रीष्म ऋतू सोडून इतर काळात निरोगी माणसालाही वर्ज्य सांगितली आहे. उन्हाळ्यात वीस मिनिटे पडायला हरकत नाही. पावसाळ्यात आणि थंडीत दुपारी दीड-दोन तास झोपण्याची सवय कमरेच्या घेरात सरळ उतरते.

केवळ अशा बदलांनी खरोखर फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. चेन्नईच्या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 भारतीयांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला. ज्यांना फक्त सर्वसाधारण सल्ला दिला होता त्यांच्यापैकी 55 टक्के मधुमेही झाले. ज्यांच्याकडून आहार आणि व्यायाम नेटाने करवून घेतला त्यांच्यात हे प्रमाण 39.3 टक्के राहिले. निदानपरिवर्जन हा शब्द त्या संशोधकांनी वापरला नसेल, पण त्यांनी केले ते तेच.

ताट कसे वाढावे

पोटाचे तीन भाग कल्पून एक घन आहारासाठी, एक द्रव आहारासाठी आणि एक वात, पित्त, कफ यांच्या हालचालीसाठी मोकळा ठेवावा, असे चरकांनी विमानस्थानात सांगितले आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की, ताट एकदाच वाढून घ्यावे, अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीने भरावे, पाव भागात आमटी-उसळ आणि उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात ठेवावा. 'अजून अर्धी तरी घ्या' हा आपल्याकडचा आग्रह प्रेमापोटी असतो. तो मोडण्याची जबाबदारी खाणाऱ्यावर न टाकता वाढणाऱ्यानेच उचलावी, असे मला वाटते.

प्रमेही माणसाचा आहार यवप्रधान असावा, असे चरक म्हणतात. यव म्हणजे जव, ज्याला आपण सातूही म्हणतो. जव रात्री भिजवून सकाळी त्याची पातळ पेज करता येते, भरडून भातासारखा शिजवता येतो किंवा ज्वारीच्या पिठात एकास तीन या प्रमाणात मिसळून भाकरी थापता येते. जवाच्या चिकट तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. पश्चिमेकडील राधानगरी, भुदरगड, चंदगड, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांत पिकणारी नाचणीही चांगली. पण नाचणीचे दाट सत्त्व गूळ घालून पिणे आणि नाचणीची भाकरी भाजीबरोबर चावून खाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा कितीतरी बरी, तरीही तिच्यात पिष्ट आहेच, म्हणून भाकरी आहे या समाधानात तीन-तीन खाऊ नयेत. मध्यम आकाराची एक किंवा दीड बहुतेकांना पुरते.

हुलगा हे आपल्याकडचे विसरत चाललेले धान्य आहे. 'गुरु चातर्पणं' म्हणजे पोटाला भर वाटेल पण शरीरात मेद वाढणार नाही असे अन्न स्थूल माणसाला द्यावे, हा चरकांचा सिद्धान्त हुलग्याला आणि जवाला चपखल बसतो. हुलग्याची उसळ, कट काढून केलेली आमटी किंवा गूळ न घालता जिरे, लसूण आणि थोड्या मिरचीवर केलेले माडगे आठवड्यातून दोनदा करावे. हुलगा उष्ण आहे. आम्लपित्ताचा किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांनी त्याऐवजी मूग घ्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळींचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल विचारले जाणारच. पंधरवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणात, चार-पाच तुकडे मटण, वरचा तेलाचा तवंग काढलेला वाटीभर तांबडा रस्सा, भाताऐवजी भाकरी आणि भरपूर कांदा-काकडी, एवढ्या मर्यादेत तो राहू शकतो. रात्री दहा वाजता रस्सा, त्यावर भात आणि लगेच झोप, हे मात्र तिन्ही दोषांना एकाच वेळी आमंत्रण आहे. मिसळीतही मटकी फारशी अपायकारक नाही. पुन्हापुन्हा मागून घेतलेला कट, फरसाण आणि ब्रेडच्या स्लाइस ह्यांनी हिशेब बिघडतो.

मिठाचा विचार रक्तदाबासाठी सर्वांत महत्त्वाचा. दिवसाला एका माणसाच्या पोटात सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाचमच्यापेक्षा, कमी मीठ जावे. आपल्याकडे ते कांदा-लसूण चटणी, खर्डा, लोणचे, पापड आणि फरसाण यांतून नकळत जाते. सैंधव घेतले म्हणजे मिठाचा प्रश्न सुटला, असे समजू नये. पचनाला ते सौम्य मानले असले तरी त्यातही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड असते. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोकादायक ठरू शकते.

जेवणाच्या वेळा पाळाव्यात. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे याला अध्यशन म्हणतात, आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खात राहण्याचा सरसकट सल्ला आयुर्वेदाच्या दृष्टीने त्यातच मोडतो. रात्रीचे जेवण साडेसात-आठपर्यंत व्हावे. त्यानंतर शतपावली करावी. सुश्रुतांनी सांगितलेली ही शंभर पावले आज दहा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढवली, तर जेवणानंतर चढणारी साखर ताबडतोब खाली ठेवणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

घाम कपाळावर यावा

प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुतांनी निर्धन माणसाला सांगितलेला उपाय विलक्षण आहे. त्याने मुनीसारखे संयमाने, भिक्षा मागून, एका गावात एकच रात्र राहत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, शेत नांगरावे, विहीर खणावी. ज्या काळात साखर मोजण्याचे साधन नव्हते त्या काळात श्रमाला औषधाचे स्थान देणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. आजच्या हिशेबाने आठवड्यातून किमान 150 मिनिटे भराभर चालणे आणि दोन-तीन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. रंकाळ्याच्या काठाने सकाळी चालणारे पुष्कळ आहेत. गप्पा मारत रमतगमत चालणे मनाला चांगले, पण त्याने अग्नी वाढत नाही. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग असावा.

किती करावे याचे मापही शास्त्रात आहे. कपाळ, नाक आणि सांधे यांवर घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडू लागली की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजून थांबावे. मधुमेह नुकताच कळलेल्या, वजन जास्त असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी पन्हाळा चढून जाऊ नये. चाळिशीनंतर, किंवा छातीत दडपण आणि धाप असा काही अनुभव असल्यास, हृदयाची तपासणी करूनच व्यायाम वाढवावा. सूर्यनमस्कार आणि साध्या बैठका घरी करता येतात. रक्तदाब चढलेला असताना श्वास कोंडून जोर मारणे किंवा शीर्षासन करणे टाळावे.

सुश्रुतांच्या सल्ल्यातील एक गोष्ट मात्र आज सोडून द्यावी लागते. त्या वाटसरूने पादत्राणांशिवाय चालावे, असे तेथे म्हटले आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, काचेचा तुकडा रुतला तरी कळत नाही आणि त्या जखमेतून पुढे पाय गमावण्याची वेळ येते. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी जाण्याचा नवस आणि अंबाबाईच्या आवारातील तापलेली फरशी यांमुळे पाय भाजलेले रुग्ण आमच्याकडे येतात. देवळात जाड मोजे घालून जावे, दर्शन सकाळी लवकर घ्यावे आणि रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात, बोटांच्या बेचक्यांसह, स्वतः किंवा घरातील कोणाकडून पाहून घ्यावेत.

तंबाखू आणि मशेरी यांबद्दल एकच वाक्य पुरे: ती चालू असताना वरचे काहीही केले तरी हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्याचा निम्मा लाभही मिळणार नाही.

उपवासाविषयी

लंघन, म्हणजे शरीराला हलकेपणा आणणे, ही आयुर्वेदातील महत्त्वाची चिकित्सा आहे, पण नवरात्रातील नऊ दिवसांचा साबुदाण्याचा उपवास म्हणजे लंघन नव्हे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याच्या जोडीला शेंगदाणे, तूप, बटाटा आणि खजूर आले की नेहमीच्या जेवणापेक्षा तो आहार जड होतो. दुसरीकडे, साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन कडक उपवास केला, तर साखर 70 च्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ आणि बेशुद्धी येऊ शकते. असे झाल्यास व्रत मोडेल याचा विचार न करता तीन चहाचमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी आणि मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, 108 वर फोन करावा. ज्यांना उपवास करायचाच आहे त्यांनी आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलून घ्यावी आणि फळाहारात राजगिरा, वरी, ताक, काकडी, भोपळा यांना प्राधान्य द्यावे.

औषधे: कोणती, कशी आणि कोणाच्या सल्ल्याने

प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: दहा कफज, सहा पित्तज आणि चार वातज. त्याहूनही उपयोगी भेद म्हणजे स्थूल व बलवान रुग्ण आणि कृश व दुर्बल रुग्ण. पहिल्याला शोधन (शरीरशुद्धी), रूक्ष आहार आणि श्रम द्यायचे असतात, तर दुसऱ्याला बळ द्यायचे असते. शेजाऱ्याला लागू पडलेले चूर्ण आपण घेऊ नये याचे मूळ कारण हेच आहे. वाळत चाललेल्या, खूप तहान लागणाऱ्या मधुमेहीने वजन उतरवणारी औषधे घेतली तर तो आणखी खंगतो. त्याला बहुधा इन्सुलिनची गरज असते.

'मेहेषु धात्रीनिशे', म्हणजे प्रमेहात आवळा आणि हळद श्रेष्ठ, असे वाग्भटांनी म्हटले आहे. आवळ्याचा ताजा रस किंवा चूर्ण आणि हळद हे मिश्रण सौम्य आहे. तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर औषधी मात्रेतील हळद विचारल्याशिवाय घेऊ नये. रात्री भिजवलेले एक-दोन चमचे मेथीदाणे सकाळी चावून खाल्ल्यास साखर आणि मलावरोध दोन्हींवर उपयोग होतो. गोळ्या आणि मेथी यांत तासा-दोन तासांचे अंतर ठेवावे. कारल्याची भाजी खावी, पण पेलाभर रस गोळ्यांसोबत रोज पिऊ नये. गुडमारचे पान चावल्यावर काही काळ गोड चवच कळत नाही, ही त्याची गंमत खरी आहे आणि साखरही ते उतरवते, म्हणूनच गोळ्यांबरोबर ते घेताना साखर वारंवार मोजावी लागते.

बिबळा, म्हणजे विजयसार, आपल्या सह्याद्रीतला वृक्ष. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याची प्रथा जुनी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्यानेच मधुमेह झालेल्या 97 रुग्णांना विजयसार दिले असता 67 जणांची साखर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. हा निष्कर्ष आशादायक आहे. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि रुग्ण सुरुवातीच्या अवस्थेतले होते, हे विसरून दहा वर्षांच्या जुन्या मधुमेहात पेल्यावर भिस्त ठेवू नये.

रक्तदाब या नावाचा स्वतंत्र रोग संहितांमध्ये नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही या विकारावरील आधुनिक औषधांच्या इतिहासात सर्पगंधेचे स्थान मोठे आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिच्याविषयीचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. जी वनस्पती इतकी समर्थ आहे ती तितकीच जपून वापरावी लागते. तिने नाडी मंदावते, नाक चोंदते आणि काही रुग्णांना तीव्र नैराश्य येते. याउलट ज्येष्ठमध हे साधे, गोड मूळ खोकल्यासाठी घरोघरी चघळले जाते. ते रोज, जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने ते टाळावे. मीठ असलेले लवणभास्कर चूर्णही अशा रुग्णाने नेहमीसाठी घेऊ नये.

गुळवेलीचा काढा करोनाच्या काळापासून घरोघरी गेला. त्याच काळात, 2021 मध्ये, मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. माझा सल्ला असा की, गुळवेल महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेऊ नये. भूक मंदावणे, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे यांपैकी काहीही दिसल्यास ती त्वरित थांबवून यकृताची तपासणी करावी.

पारा, शिसे, ताम्र अशी द्रव्ये असलेल्या रसौषधींना आणखी काटेकोर नियम लागतात. अमेरिकेत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून खुल्या पुडीतील, नाव-गाव नसलेली, 'साखर मुळापासून घालवणारी' औषधे कोणीही दिली तरी घेऊ नयेत. वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये आणि मुदत छापलेली असावी, आणि वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना असलेले औषध खरोखरच देखरेखीखाली घ्यावे. मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करणे 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानुसार प्रतिबंधित आहे. त्यामुळे खात्रीशीर इलाजाचा फलक हाच सावध होण्याचा पहिला इशारा समजावा. वैद्याकडे जाताना त्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील नोंदणी विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये. मला कोणी ती विचारली तर आनंदच होतो.

गोळ्या चालू असताना

माझ्या सख्ख्या काकांनी एका ओळखीच्या माणसाने दिलेला काढा सुरू करून रक्तदाबाच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या होत्या. पंधरा दिवस त्यांना छान वाटले. सोळाव्या दिवशी सकाळी दात घासताना तोंड वाकडे झाले आणि उजवा हात उचलेना. ते वाचले, पण पुढची सात वर्षे त्यांना सदऱ्याची गुंडी डाव्या हाताने लावावी लागली. त्यामुळे आयुर्वेदिक औषध सुरू झाले म्हणून चालू गोळी थांबवायची नाही, हा माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकासाठी पहिला नियम आहे. गोळीची मात्रा आकडे सुधारल्यावर, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. वैद्याने लिहिलेल्या औषधांची यादी त्या डॉक्टरांना आणि गोळ्यांची यादी वैद्याला दाखवावी. दोघांपैकी एकाला अंधारात ठेवण्यात सर्वांत मोठा धोका आहे. छातीत दडपण, अचानक तोंड किंवा हातपाय लुळे पडणे, बोलण्यात अडखळणे असे काही झाल्यास अर्जुनसालीचा काढा उकळत बसू नये. 108 ला फोन करून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब पोहोचावे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि मूत्रपिंडासाठी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन या तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी करताना कोल्हापूरचे वर्ष लक्षात घेऊन तारखा ठरवाव्यात. पहिली तपासणी दसऱ्याच्या आधी करावी, म्हणजे दिवाळीला सामोरे जाण्यापूर्वीची आपली स्थिती कळते. दुसरी संक्रांत झाल्यावर करावी. फराळ, गुऱ्हाळावरचा नवा गूळ आणि तिळगूळ या तिन्हींचा हिशेब तिच्यात एकत्र उमटतो. तिसरी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आमरस सुरू होताना, आणि चौथी आषाढात, श्रावणाचे उपवास सुरू होण्यापूर्वी करावी.